कोरडा हात

१

सिन्योरच्या, म्हणजे आमच्या काळ्या येशूच्या, मिरवणुकीला निघण्याआधी आमच्या घरात दरवर्षी पहिलं काम असतं ते अंगावरचं सगळं उतरवण्याचं. घड्याळ, साखळी, अंगठी, कानातलं, चपला. खिशात किल्लीसुद्धा ठेवायची नाही. गर्दी दाबायला लागली की ती मांडीत घुसते. आमची आई, नानाय, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बिस्किटांचा रिकामा डबा ठेवून बसते आणि एकेकाला पुढे बोलावते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यापासून तिला माणूस म्हणजे नुसती सावली दिसते, म्हणून ती प्रत्येकाचे हात चाचपून बघते.

त्या वर्षी तिच्यापुढे योस्ट बसला होता. माझी धाकटी बहीण दिविना नर्स म्हणून हॉलंडला गेली आणि तिथल्याच या माणसाशी तिने लग्न केलं. उंचापुरा, केसाळ, रेड्यासारखा दणकट गडी, पण बोलायला अगदी गरीब. लग्नानंतर पहिल्यांदाच तो आमच्या गावी, सांता ब्रिगिदाला, आला होता. दिविनाला दोनदा दिवस राहून गेले होते. आता तिसऱ्या खेपेला पाचवा महिना लागला होता आणि तिने नवस बोलला होता, की सिन्योरच्या मूर्तीला पुसलेला पंचा मी पोटाशी बांधीन. अशा अंगाने गर्दीत जाणं शक्यच नव्हतं. तेव्हा पंचा घेऊन योस्ट जाणार होता, आणि योस्टला घेऊन मी.

"पँट पण काढून ठेवू का, नानाय?" योस्टने विचारलं. आमची भाषा तो एकेक शब्द वेचून बोलायचा.

"असू दे बाबा," नानाय म्हणाली. "परक्या मुलखात तेवढी तरी अब्रू जवळ ठेव." तिने त्याचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "केवढे हे हात. आणि भट्टीसारखे गरम."

"सेफेरो सांगतो तसं करीन मी," तो म्हणाला. माझं नाव सेवेरो. त्याच्या जिभेवर 'व' यायचा नाही, 'फ' यायचा. आम्ही सगळे त्यावरून त्याला चिडवायचो.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे गर्दीबद्दल बोलताना माझा थोडा मास्तर होतो. त्याला मी उभं करून दाखवलं. हात छातीपुढे आडवे धर, म्हणजे फुप्फुसांना जागा राहते. काही खाली पडलं तर पडू दे, वाकायचं नाही. रेटा आला की त्याच्याविरुद्ध झगडायचं नाही, त्याच्याबरोबर तिरकं सरकायचं. पडलास आणि उठता आलं नाही, तर गुडघे पोटाशी घे आणि डोकं झाक. आणि आपण एकमेकांची मनगटं धरायची, बोटं नाही. बोटं घामाने निसटतात.

"हा म्हणे देवाला चाललाय," दिविना म्हणाली, "आणि तू त्याला युद्धाला पाठवतोयस, मानोय." थोरल्या भावाला आमच्याकडे मानोय म्हणतात.

"युद्धात बूट तरी घालू देतात," मी म्हणालो.

ती कॅथीड्रलच्या मागच्या अंगणात, प्रथमोपचाराच्या तंबूत थांबणार होती. नानाय घरीच राहणार होती. भात, मांसाचा अदोबो आणि पाहुण्यासाठी फणसाची भाजी करून ठेवते म्हणाली.

२

बंदरावरच्या देवळातून सिन्योर निघतो आणि बाजाररस्त्याने कॅथीड्रलला जातो. खांद्यावर क्रूस घेतलेली काळ्या लाकडाची मूर्ती, तिच्याखाली लोखंडी चाकांचा गाडा, आणि गाड्याला मांडीएवढ्या जाडीचे दोन दोर. दोराला हात लागावा म्हणून माणसं जिवावर उदार होतात. सगळे अनवाणी, सगळ्यांचे मरून रंगाचे सदरे, गळ्यात पंचे. पंचा गाड्यावर फेकायचा; वरचे सेवेकरी तो मूर्तीला पुसून परत फेकतात. ज्याचा त्याला मिळतो का, कोणी विचारत नाही.

आम्ही पेट्रोलपंपाशी गर्दीत शिरलो. थोडा वेळ ठीक चाललं होतं. योस्ट उंच असल्याने त्याला गाडा दिसत होता आणि तो मला बातमी देत होता. "आला. थांबला. एक माणूस खाली पडला. परत चढला." मग दोघांचंही बोलणं आपोआप बंद झालं. छातीत हवा बोलण्यापुरती राहिली नव्हती.

त्यानंतर जे होतं ती भक्तीच असते, पण बघणाऱ्याला ती मारामारी वाटेल. गाड्याकडे जायला वाट नसते, म्हणून लोक इतरांच्या खांद्यांवरून, डोक्यांवरून चालत जातात. एकाची टाच माझ्या कानावर पडली आणि कानाची पाळी फाटली. माझ्या शेजारच्या माणसाच्या नाकावर कोणाचं तरी कोपर बसलं. त्याचं रक्त माझ्या खांद्यावर, छातीवर ओघळत राहिलं. त्याला नाक पुसायला हात वर काढता येत नव्हता आणि मला बाजूला व्हायला जागा नव्हती. तो माझ्याकडे बघून ओशाळवाणा हसला. "माफ कर हं," म्हणाला. त्याचे पुढचे दात लाल झाले होते.

मी पुढे होतो, योस्ट मागे. माझा डावा हात पाठीमागे वळलेला, त्याचं मनगट माझ्या मुठीत आणि माझं त्याच्या. त्याच्या मनगटावरचे केस मला घामात भिजलेले लागत होते.

मग दोर ताणला गेला.

सैल पडलेला दोर पुढच्या हजार माणसांनी एकदम ओढला की तो जमिनीवरून उसळतो आणि वाटेत येईल त्याला उचलतो. त्याने आमच्या उजव्या अंगाची अख्खी रांग उचलली. हाडं मोडल्याचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकला. ओली काठी मोडावी तसा. आम्ही सगळे भिंतीकडे फेकले गेलो. मधे माणसं घुसली, माझा डावा खांदा उखडतोय असं वाटलं, डोळ्यांपुढे काळोख आला. पण हात सुटला नाही.

३

लाट ओसरली तेव्हा माझ्या लक्षात आलं की पकड बदलली आहे.

आता मनगट नव्हतं. तळव्याला तळवा होता आणि बोटांत बोटं गुंतली होती. मी मनात म्हटलं, घाबरला बिचारा, मी शिकवलेलं विसरला. मान वळवून बघायला गेलो तर हनुवटी कोणाच्या तरी पाठीत रुतलेली. मागे फक्त हात जात होता, दोन माणसांच्या मधून, आणि त्यापलीकडे मला काही दिसत नव्हतं.

"योस्ट," मी ओरडलो, "मनगट धर."

हाताने माझी बोटं थोडी दाबली, ऐकल्यासारखी. पण पकड तशीच राहिली.

आम्ही सरकत होतो. सरकताना माझ्या मनात एक खुपत होतं, काय ते मला सांगता येत नव्हतं. मग कळलं. हात कोरडा होता.

त्या गर्दीत कोरडं काहीच नसतं. माणसं भट्टीतून काढल्यासारखी निथळत असतात. सदरे पिळले तर बादली भरेल. माझे स्वतःचे तळवे भिजून सुरकुतले होते. आणि माझ्या मुठीत एक कोरडा, थंड हात होता. मी अंगठा फिरवून पाहिला. मनगटावर केस लागले नाहीत. रोज कोणीतरी पुसतं अशा वस्तूसारखं ते गुळगुळीत होतं.

मी स्वतःला समजावलं. भीतीने रक्त आत ओढलं जातं, हात गार पडतात, हे शास्त्र आहे. केसांचं म्हणशील तर माझीच बोटं बधिर झाली असतील. मी त्याची नाडी शोधली. लागली नाही. बधिर बोटांना कशी लागेल?

तेवढ्यात मला योस्टची हाक ऐकू आली.

"सेफेरो."

हाक मागून आली नाही. ती उजवीकडून, पुढून, गाड्याच्या बाजूने आली.

४

माझ्या नावाची आमच्या गावात आणखी दोनतीन माणसं आहेत. पण मला सेफेरो म्हणणारा एकच होता.

मी पुन्हा शास्त्राचा आधार घेतला. दोन्ही बाजूंना दुकानांची पत्र्याची शटरं. आवाज त्यांच्यावर आपटून भलतीकडून येतो. हे तर मी मुलांना फळ्यावर काढून दाखवतो. योस्ट माझ्या मागेच आहे. त्याचा हात माझ्या हातात आहे. हात असेल तिथेच माणूस असणार, यापलीकडे आणखी काय पुरावा हवा?

"सेफेरो. दुखतंय. सोड."

या वेळी आवाज खालून आला. माणसांच्या पायांमधून यावा तसा.

मी काय करायला हवं होतं हे मला लोकांनी नंतर खूप सांगितलं. त्या क्षणी मला एकच कळत होतं. हा हात सोडला आणि तो योस्टचा निघाला, तर पुन्हा मिळणार नाही. बाजूला बेकरीची गल्ली दिसत होती, पंधरावीस हातांवर. तिथे शिरलो की सुटलो. मी हात घट्ट आवळला, धीर द्यावा तसा, आणि सगळा जोर लावून गल्लीकडे ओढला.

तिकडे, गाड्याच्या बाजूला, योस्ट किंचाळला.

मी थांबलो. किंचाळी थांबली.

मला दम लागला होता, कानातून रक्त गळत होतं, माणूस त्या अवस्थेत नीट विचार करत नाही. मी पुन्हा ओढला. तो पुन्हा किंचाळला. हाताने माझा हात प्रेमाने दाबला. मग मी ओढत नव्हतो तरी आम्ही गल्लीकडे जात होतो. हात मला मागून पुढे लोटत होता, आणि माणसं मला वाट देत होती. त्या दिवशी कोणी कोणाला वाट देत नसतं.

गाडा कशावरून तरी गेला. चाकं अडल्याचा आणि मग सुटल्याचा आवाज आला, आणि आसपासची माणसं एका सुरात ओरडली, "मागे घ्या, मागे घ्या." त्यानंतर मला हाक ऐकू आली नाही.

५

बेकरीच्या गल्लीच्या तोंडाशी मी गर्दीतून अर्धा बाहेर पडलो. उजव्या हाताने खिडकीचा गज धरला आणि वळलो. आता मला दिसणार होतं.

मरून सदऱ्यांच्या भिंतीतून एक हात बाहेर आला होता. फिकट, बिनकेसाचा. माझी बोटं त्याच्यात गुंतलेली. मी ओढलं, तसं कोपर आलं. आणखी ओढलं, दंड आला. पुढे खांदा यायला हवा होता, मग डोकं, सदरा, काहीतरी.

दंडच येत राहिला.

किती, ते मला विचारू नका. मी ओढत होतो आणि तो येत होता, दोर यावा तसा, सावकाश, न अडखळता. आसपासच्या कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं. सगळे गाड्याकडे माना उंचावून बघत होते, आणि त्यांच्या बगलांमधून, कमरांमधून तो हात बाहेर येत होता.

वरून कोणीतरी माझ्यावर पडलं. डोक्यांवरून चालणारा एक माणूस तोल जाऊन कोसळला, त्याचा गुडघा माझ्या कपाळावर बसला. मी दगडावर आपटलो. शुद्धीवर आलो तेव्हा बेकरीवाली बाई तोंडावर पाणी मारत होती.

"माझ्याबरोबर कोणी होतं का?" मी विचारलं.

"होता की एक. तुला उचलून इथे पायरीवर ठेवलं आणि गेला."

"कसा होता?"

"आता सगळे सारखेच, एका रंगाचे," ती म्हणाली. "मी तोंड कशाला बघू? हळू आवाजात तुझं घर कुठे विचारत होता. मी सांगितलं."

६

योस्ट सापडला होता. तंबूतल्या लोकांनी त्याला गाड्यामागून उचलून दवाखान्यात नेलं होतं. मी पोचलो तेव्हा ऑपरेशनची तयारी चालली होती. चाक उजव्या दंडावरून गेलं होतं. हात वाचणार नव्हता.

दिविना खाटेशी उभी होती. तिच्या सदऱ्याला सगळीकडे त्याचं रक्त. मला बघून ती जवळ आली आणि तिने माझ्या तोंडावर मारलं. एकदा नाही. तिथल्या नर्सने तिला धरलं तेव्हा ती थांबली.

"त्याला विचार," ती म्हणाली. "माझ्यापुढे विचार."

योस्टला औषध दिलं होतं, पण तो जागा होता. त्याला राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. तो नेहमीसारखा शब्द वेचत बोलला.

"तू ओढत होतास. मी म्हटलं, सोड. तू जास्त ओढलं."

"कुठे ओढलं मी तुला?"

"खाली. चाकाकडे."

"मला पाहिलंस तू? तोंड पाहिलंस माझं?"

त्याने विचार केला. "हात," तो म्हणाला. "तुझा हात पाहिला."

मी दिविनाला शपथेवर सांगितलं की मी तिथे नव्हतो, मी रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला होतो, माझ्या हातात कोणाचा तरी दुसराच हात होता. ती नर्स आहे. अपघातानंतर माणसं काय काय बरळतात हे तिने रोज ऐकलेलं आहे. तिने चादर बाजूला केली.

दंडाचं मी सांगत नाही. पण कोपराच्या खाली, चाक जिथे गेलंच नव्हतं तिथे, तळव्याची सगळी हाडं चुरली होती, आणि मनगटावर बोटांचे वळ काळेनिळे उठले होते. गर्दीच्या दाबाने कधी बोटांच्या आकाराचे वळ उठत नाहीत, एवढं शास्त्र मला येतं.

दिविनाने माझा हात हिसकून त्या वळांवर ठेवला. अंगठ्याच्या जागी अंगठा, बोटांच्या जागी बोटं.

वळ माझ्या बोटांपेक्षा लांब होते. चांगले बोटभर जास्त, आणि ते मनगटाला वळसा घालून पुन्हा वर आले होते.

तिने ते पाहिलं. मग तिने चादर ओढून घेतली.

"सूज आहे," ती म्हणाली. "सुजेने वळ पसरतात. जा तू घरी, मानोय. नानाय एकटी आहे."

७

घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. बाजाररस्त्याकडून ढोल ऐकू येत होते. दार उघडं होतं. नानाय स्वयंपाकघरात भांडी घासत होती आणि गुणगुणत होती.

"आलास? किती वेळ," ती म्हणाली. "तुझा मेव्हणा केव्हाच येऊन, जेवून झोपलाय."

मी दारातच थांबलो. "कोण आलंय, नानाय?"

"योस्ट रे. दुसरं कोण? दमलाय फार. बोलला नाही काही. बसला आणि माझा हात हातात घेऊन किती वेळ नुसता बसून राहिला. गार पडलेत रे त्याचे हात. सकाळी कसे गरम होते." तिने हातातलं भांडं उपडं ठेवलं. "भात सगळा संपवला त्याने. पातेल्यातला सगळा. परत मागायची लाज वाटली असेल, म्हणून मी कच्चे तांदूळ धुवायला घेतले तर तेही..." ती अडखळली. "भूक लागली असेल."

टेबलाखाली तांदळाचं पोतं फाटून पडलं होतं. आत एक दाणा नव्हता.

मी जिना चढलो. का चढलो, मला माहीत नाही. आपल्या घरात आपण घाबरून उभे आहोत हे मान्य करणं जड जातं. चढताना माझं डोकं नेहमीप्रमाणे कारणं शोधत होतं. दवाखान्यात झोपलेला माणूस इथे नाही, म्हणजे कोणी चोर आला असेल, दारुडा असेल, जत्रेत वाट चुकलेला असेल.

पाहुण्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी ते थोडं ढकललं.

पलंगावर कोणीतरी भिंतीकडे तोंड करून झोपलं होतं. डोक्यावर पंचा, अंगावर चादर. चादरीबाहेर पावलं होती. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक माणसाचे तळपाय काळे असतात, फुटलेले, रक्ताळलेले. हे तळपाय स्वच्छ होते. गुलाबी आणि मऊ, घडी न पडलेले, जमिनीला कधी लागलेच नाहीत असे.

तो वळला नाही. त्याचा श्वास चालताना दिसत नव्हता. फक्त चादरीखालून एक हात मागे आला, पलंगाच्या कडेवरून खाली उतरला, आणि जमिनीवरून दाराकडे यायला लागला. तळवा वर, बोटं किंचित उघडी. घाई नव्हती त्याला. आंधळ्या माणसाने हात पुढे करून कोणी धरेल म्हणून वाट पाहावी, तसा तो येत होता.

मी दार ओढून घेतलं. कडी बाहेरून होती, ती लावली. आतून बोटं दारावर फिरली. ठोठावलं नाही, ढकललं नाही. नुसती चाचपत राहिली, वरपासून खालपर्यंत, आणि मग दाराखालच्या फटीत एकेक करून आली.

नानायला मी खांद्यावर टाकून घराबाहेर काढलं. ती मला शिव्या देत होती. पाहुणा झोपलाय, घर उघडं टाकून कुठे चाललास, तुला काही रीतभात आहे की नाही. शेजारचा कार्मेलो आणि त्याचे भाऊ दांडके घेऊन वर गेले. त्यांना खोलीत कोणी मिळालं नाही. कडी बाहेरून लागलेलीच होती. पलंग मात्र मधोमध मोडला होता, आणि दाराच्या खालच्या कडेचं लाकूड आतून ओरबाडून पातळ झालं होतं.

"घूस असेल मोठी," कार्मेलो म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्या घरात आम्ही पुन्हा राहिलो नाही.

८

योस्टचा हात खांद्यापासून काढावा लागला. दिविना त्याला घेऊन हॉलंडला परतली, माझा निरोप न घेता. तिला मुलगी झाली, सुखरूप. हे मला मामेबहिणीकडून कळलं. नानाय त्या पावसाळ्यात गेली. शेवटपर्यंत तिला एकच खंत होती, की पाहुण्याला आपण उपाशी टाकून आलो. दिविना तिच्या मातीला आली नाही.

जवळजवळ दीड वर्षाने एका सकाळी मी शाळेत निघालो होतो, आणि तिचा फोन आला.

"मानोय," ती म्हणाली. आवाज खोल गेलेला. "तुला एक विचारायचंय. हसू नकोस."

"बोल ना."

"हात कापला की तो आहेसं वाटत राहतं. दुखतो, खाजतो. सगळ्यांना होतं, मी दवाखान्यात रोज बघते. पण याला दुखत नाही, मानोय. याच्या त्या हाताला कोणीतरी धरलंय. पहिल्या दिवसापासून. मी मनावर घेतलं नाही. पण आता ओढतंय. रात्री तो झोपेत पलंगाच्या कडेला सरकतो, खाली, त्याच बाजूला. मी कमरेला धरून झोपते. परवा मला पेलला नाही तो. त्याच्या फासळ्या मोडल्या. पलंग आणि जमिनीच्या फटीत कोणी तरी आत खेचल्यासारखा अडकला होता. तो म्हणतो, सेफेरोला फोन लाव."

मग योस्ट बोलला. त्याचा आवाज म्हाताऱ्या माणसासारखा झाला होता.

"सेफेरो, मी रागावलो नाही," तो म्हणाला. "तू फक्त सोड."

मी त्याला म्हणू शकलो असतो की तो मी नव्हतो. दवाखान्यात म्हटलं होतंच, त्याने काय झालं? मी शिकलेला माणूस आहे. मनाची समजूत पटली की शरीर ऐकतं, हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. त्या बिचाऱ्याला माझ्या तोंडून एक शब्द हवा होता. तो द्यायला माझं काय जात होतं?

"सोडतो, योस्ट," मी म्हणालो. "चुकलं माझं. हा बघ, सोडला."

पलीकडून एक लांब श्वास आला, पाण्यातून डोकं वर काढल्यासारखा. "गेला," तो म्हणाला, आणि त्याला हुंदका फुटला. "गेला, दिविना. गेला." दिविना रडत होती, मधेच हसत होती, मला काहीतरी सांगत होती, मुलीचं नाव सांगत होती. मागून मुलगी आईला हाका मारत होती. दीड वर्षाने माझी बहीण माझ्याशी बोलत होती. मी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत राहिलो.

बोलणं संपलं. मला उशीर झाला होता. फोन उजव्या हाताने खिशात टाकला आणि पायरीवर ठेवलेली पिशवी घ्यायला वाकलो.

डावा हात मोकळा नव्हता.